एच-४वर असताना कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात नाव कसं घालावं

एच-४ हा अमेरिकेत एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा, एफ-१ हा विद्यार्थ्यांचा. 'एच-४वर शिकता येत नाही, आधी एफ-१ करून घे' असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्यांना चहा पाजा आणि विषय बदला. एच-४वर शिकता येतं. अर्धवेळ येतं, पूर्णवेळही येतं. आय-२० (एफ-१साठी कॉलेज देतं तो कागद) लागत नाही, टोफेल (इंग्रजीची परीक्षा) लागत नाही. नोकरीसाठी ईएडी (काम करायचा परवाना) लागतं, पण वर्गात बसायला नाही.

मी स्वतः या मार्गाने गेले आणि त्यानंतर माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बऱ्याच जणींचे अर्ज भरून घेतले. कुणाला प्रीस्कूलमध्ये शिकवण्यासाठी बालशिक्षणाचे १२ युनिट (म्हणजे क्रेडिट) हवे असतात, कुणाला बी.कॉम.नंतर सीपीएसाठी (इथल्या सीएसाठी) कमी पडणारे युनिट, कुणाला नुसतं घराबाहेर पडायचं असतं. तिघींची वाट एकच, आणि तिघी अडखळतात तीही एकाच जागी. म्हणून ती जागा सविस्तर सांगते, बाकीचं उरकते.

अर्ज

ओपनसीसीसी या कम्युनिटी कॉलेजांच्या सामायिक संकेतस्थळावर खातं काढा आणि तिथल्याच सीसीसीअप्लायवरून अर्ज भरा. राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि अर्ज फुकट आहे. पैसे मागणारा एजंट भेटला तर तो तुमच्याच अज्ञानावर जगतोय.

दोनच ठिकाणी जपा. कॉलेजच्या संकेतस्थळावर 'इंटरनॅशनल स्टुडंट' असं ठळक बटण असतं. आपण परदेशी, म्हणजे ते आपल्यासाठी, असं वाटतं. नाही. ते एफ-१वाल्यांसाठी आहे. त्यात शिरलात की बँकेतली शिल्लक दाखवा, इंग्रजीची परीक्षा द्या, असं शेपूट लांबत जातं. तुम्ही साधा, इथल्या माणसांचाच अर्ज भरायचा. दुसरं, सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर 'नाही' अशी खूण करायची सोय आहे. ती करा. नवऱ्याचा नंबर घालू नका. हसू नका, घातलेला पाहिलाय मी.

रहिवासी ठरणं: सगळा खेळ इथेच

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सेमिस्टरवाल्या कॉलेजात युनिटमागे ४६ डॉलर पडतात. डी अँझा, फूटहिलसारख्या क्वार्टरवाल्या कॉलेजांत ३१. रहिवासी नसाल तर त्यावर वेगळी ट्यूशन फी चढते आणि रक्कम कित्येक पट होते. चार युनिटचा एक विषय रहिवाशाला १८४ डॉलरला पडतो, बिगर-रहिवाशाचं त्याच विषयाचं बिल हजाराच्या वर जातं. वर्ग तोच, शिक्षक तोच, बाकही तोच.

नियम असा. सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तुम्हाला कॅलिफोर्नियात राहायला येऊन एक वर्ष आणि एक दिवस झालेला हवा, आणि इथेच राहायचा इरादा त्या वर्षभर कागदावर दिसायला हवा. एच-४वाल्यांना रहिवासी होता येतं. एफ-१ आणि पर्यटक व्हिसावाल्यांना येत नाही. म्हणून तुम्ही आधी एफ-१वर होतात आणि मग एच-४ झालं असेल, तर वर्ष एच-४ झाल्या दिवसापासून मोजायचं. आधीचे महिने गेले.

आता तारखेचं गणित. समजा, तुम्ही १० सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोला उतरलात आणि पुढच्या वर्षीचं फॉलचं (ऑगस्ट ते डिसेंबरचं) सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होतंय. पंधरा दिवसांनी वर्ष हुकलं. अशा वेळी फॉल सोडा आणि जानेवारीत स्प्रिंगला नाव घाला. 'एकदा आत शिरू, मग बघू' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो महागात पडतो, कारण एकदा बिगर-रहिवासी म्हणून नोंद झाली की ती वर्ष उलटल्यावर आपोआप बदलत नाही. पुनर्वर्गीकरणाचा, म्हणजे रहिवासी म्हणून नोंद बदलून घ्यायचा, अर्ज वेगळा असतो, त्याला मुदत असते, आणि त्यात तुम्ही आर्थिकदृष्ट्या कुणावर अवलंबून आहात हेही विचारतात. चार महिने थांबणं त्यापेक्षा स्वस्त.

माझी चूक तारखेचीच होती. अर्जात विचारतात की कॅलिफोर्नियातला सध्याचा मुक्काम कधी सुरू झाला. मी दिवाळीला पुण्याला जाऊन आले होते, हातात ताजं आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) होतं, त्यावरची तारीख टाकली. मुळात मी आले होते त्याच्या दोन वर्षं आधी! यंत्राने मला बिगर-रहिवासी ठरवलं आणि आठवड्याने आलेलं बिल पाहून माझे डोळे पांढरे झाले. कॉलेजचं नाव घेत नाही, पण तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी 'तुम्हीच असं लिहिलंय' एवढंच सांगून पुढच्याला बोलावलं. तीन चकरा झाल्या. शेवटी जुना पासपोर्ट, पहिल्या प्रवेशाचा शिक्का आणि दोन वर्षांचे घरभाड्याचे करार घेऊन गेले तेव्हा नोंद बदलली.

तेव्हा नीट ऐका. सुट्टीला भारतात जाऊन आल्याने मुक्काम तुटत नाही. घर इथेच होतं, सामान इथेच होतं, तुम्ही परतलात. तारीख टाकायची ती इथे राहायला आलात त्या दिवसाची. ताज्या आय-९४ची नाही, व्हिसावर शिक्का बसला त्या दिवसाचीही नाही.

दुसरी अडचण आपल्या बायकांची खास आहे. इरादा कागदावर दाखवायचा तर कागद तुमच्या नावाचा हवा, आणि आपल्या घरात सगळं 'ह्यांच्या' नावावर असतं. भाडेकरार ह्यांचा, विजेचं बिल ह्यांचं, गाडी ह्यांची. वर्षभर इथे राहून एकीकडे कागद म्हणून फक्त कॉस्टकोचं कार्ड होतं. त्यात नावाचा घोळ वेगळा: पासपोर्टवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, करारात नवऱ्याचं नाव मधे घातलेलं. खिडकीवरच्या माणसाला त्या तीन वेगवेगळ्या बायका वाटतात. लग्नाच्या दाखल्याची प्रत जवळ ठेवा, आणि अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर.

म्हणून, उतरल्यावर पहिल्या महिन्यातच, कॉलेजचा विचार मनात नसला तरी, भाडेकरारात स्वतःचं नाव घालून घ्या. बँकेचं खातं जोडखातं करा. डीएमव्हीमधून (इथलं आरटीओ) ड्रायव्हिंग लायसन्स काढा. गाडी चालवायची भीती वाटत असेल तर नुसतं कॅलिफोर्निया आयडी काढा, पण काढा. कर एकत्र भरत असाल तर सोशल सिक्युरिटी नंबर नसताना डब्ल्यू-७ हा फॉर्म भरून आयटीआयएन (कर भरण्यापुरता नंबर) मिळतो. राज्याच्या कराच्या कागदावर तुमचं नाव असणं ही भक्कम गोष्ट आहे. यांतले दोन-तीन कागद वर्षापूर्वीच्या तारखेचे असायला हवेत. गेल्या आठवड्यात काढलेलं लायसन्स वर्षभराचा इरादा सांगत नाही.

कागद मागायची वाट पाहू नका. अर्ज गेल्यावर कॉलेजच्या पोर्टलवर तुमची नोंद काय झाली आहे ते त्याच आठवड्यात बघा. चुकली असेल तर 'ॲडमिशन्स अँड रेकॉर्ड्स'कडे सगळे कागद एकदाच, एकत्र पाठवा. एकेक पाठवलात तर ते एकेक उत्तर देतील. आणि सत्र सुरू व्हायच्या आधी पाठवा.

भारतातल्या गुणपत्रिका

व्हॉट्सॲपवर सगळ्या जणी आधी पदवीचं मूल्यांकन करून घ्यायला सांगतात. नका करू. दोन-अडीचशे डॉलर घालवण्याआधी कॉलेजच्या समुपदेशकाला विचारा की ते लागतंय का. नुसते बालशिक्षणाचे विषय घ्यायचे तर बहुधा लागत नाही. एखाद्या विषयाला पूर्वअट असेल तर काही ठिकाणी साध्या प्रतीवरही काम भागतं. लागलंच तर विषयवार मूल्यांकन करा, आणि नॅसेस या मूल्यांकन संस्थांच्या संघटनेची सदस्य असलेल्याच संस्थेकडून. मात्र भारतात जाल तेव्हा विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टचे (अधिकृत गुणपत्रकाचे) तीन-चार बंद लिफाफे आणून ठेवा. ते काम इथून फोनवर होत नाही.

इंग्रजी-गणिताच्या प्रवेशपरीक्षेला घाबरत असाल तर ती आता नाही. पूर्वीच्या शिक्षणावरून आणि स्वतःच्या अंदाजावरून तुम्हाला जागा मिळते.

समुपदेशक आणि बाकीच्या सोयी

ऑनलाइन ओरिएंटेशन उरकून टाका. मग समुपदेशकाची वेळ घ्या. पुढचे तीन आठवडे भरलेले असतात, म्हणून आजच घ्या. जाताना 'मला काय जमेल?' असं विचारायला जाऊ नका, 'मला हे करायचंय, कोणते विषय कोणत्या क्रमाने घेऊ?' असं विचारा आणि शैक्षणिक आराखडा लिहून घ्या.

फाफ्साची, म्हणजे त्या अर्जावरून मिळणारी, संघीय आर्थिक मदत एच-४ला मिळत नाही, त्यात वेळ घालवू नका. पण शिकवणी केंद्र, लेखन केंद्र, ग्रंथालयातून मिळणारा लॅपटॉप हे तुमचंच आहे. माझ्या पहिल्या निबंधावर लाल शाईने इतकं लिहून आलं होतं की मी तो घरी दाखवला नाही. लेखन केंद्रातल्या विशीतल्या मुलीने चार बैठकांत मला इथल्यासारखं लिहायला शिकवलं.

डीएसपीएस म्हणजे अपंगत्व किंवा शिकण्यातली अडचण असणाऱ्यांसाठीचा विभाग. तिथे नाव नोंदवलं तर परीक्षेला जादा वेळ मिळू शकतो. बारावीनंतर मुलाला कॉलेजात घालणारे आपले आईबाप हे लपवतात, 'शिक्का बसेल' म्हणून. कसला शिक्का? ती माहिती गोपनीय राहते, गुणपत्रकावर येत नाही. शाळेत सवलत होती तरी इथे ती आपोआप येत नाही. मुलाने स्वतः जाऊन मागायची असते.

नोंदणी

पोर्टलवर तुमची नोंदणीची तारीख आणि वेळ असते. नव्या विद्यार्थ्याचा नंबर उशिरा लागतो, तेव्हा त्या मिनिटाला लॉगिन करा. वर्ग भरला असेल तर प्रतीक्षायादीत जा, पहिल्या तासाला हजर राहा आणि शिक्षकाकडे ॲड कोड (भरलेल्या वर्गात नाव घालायचा आकडा) मागा. आपल्याला मागायला संकोच वाटतो, पण न येणाऱ्यांच्या जागा पहिल्याच दिवशी रिकाम्या होतात आणि त्या समोर बसलेल्यांना मिळतात. पैसे मुदतीत भरा, नाहीतर नाव गळतं. विषय सोडायचा तर परताव्याच्या तारखेआधी सोडा. नुसतं जाणं बंद केलं तर विषय सुटत नाही, गुणपत्रकावर एफ, म्हणजे नापास, बसतो.

आणि पहिल्या आठवड्यात घरून अर्धा तास आधी निघा, पार्किंग मिळत नाही.