विममध्ये ओळींचा गठ्ठा कॉपी कसा करावा, हलवावा कसा

सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या संगणकावर टर्मिनलमधून शिरायची सोय) लॉगिन केलं की फाइल बहुधा विम या टर्मिनलमधल्या टेक्स्ट एडिटरमध्येच उघडावी लागते. तिथे वीसेक ओळी उचलून दुसरीकडे टाकायच्या तर माउसच्या नादी लागू नका. स्क्रीनवर दिसतं तेवढंच माउस उचलतो आणि ओळींचे नंबर चालू असतील तर तेही सोबत आणतो.

सुरुवातीला एस्केप दाबा. कीबोर्ड मराठीवर असेल तर इंग्रजीवर आणा. मी इथे अक्षरं देवनागरीत लिहितोय, पण विमला ती कळत नाहीत.

१. गठ्ठ्याच्या पहिल्या ओळीवर जाऊन शिफ्ट-व्ही दाबा. अख्खी ओळ रंगते.

२. 'जे'ने खाली उतरत जा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगमधला (सेटिंगच्या फाइलमधला) सर्व्हर ब्लॉक, म्हणजे महिरपी कंसातला गठ्ठा, असेल तर एवढंही नको: महिरपी कंस उघडतो त्या ओळीवर शिफ्ट-व्ही, मग टक्क्याचं चिन्ह. कर्सर थेट बंद होणाऱ्या कंसावर जातो.

३. कॉपी करायचं तर 'वाय', हलवायचं तर 'डी'.

४. हव्या त्या ओळीवर जाऊन 'पी' दाबा, गठ्ठा तिच्या खाली येईल. वर हवा तर शिफ्ट-पी. फसलं तर 'यू'.

नवखे हमखास अडकतात ते इथे: 'वाय'ने कॉपी केलं, वाटेत एक जुनी ओळ 'डीडी'ने उडवली, मग 'पी' दाबलं, तर उडवलेली ओळच परत हजर! कॉपी केलेलं हरवलेलं नसतं, ते शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे विमच्या मजकूर ठेवायच्या कप्प्यात, असतं. दुहेरी अवतरणचिन्ह, शून्य, 'पी' या की ओळीने दाबा.

गठ्ठा मोठा असेल तर मी निवडत बसत नाही. 'कोलन सेट नंबर' करून आकडे पाहायचे. ४० ते ५८ या ओळी १२व्या ओळीखाली न्यायच्या तर कोलन, ४०, स्वल्पविराम, ५८, 'एम', १२, एंटर. 'एम'च्या जागी 'टी' दिलात तर मूळ ओळी जागच्या जागी राहून प्रत तयार होते. शेवटी १२ऐवजी शून्य दिलं तर गठ्ठा फाइलच्या डोक्यावर, डॉलरचं चिन्ह दिलं तर तळाशी. दुसरी आज्ञा देण्याआधी नंबर पुन्हा बघा, ते बदललेले असतात.

उभा पट्टा हवा असेल तर कंट्रोल-व्ही. बाकी कृती तीच, फक्त 'पी'ने पट्टा ओळीखाली न येता कर्सरच्या उजवीकडे येतो.

दुसऱ्या फाइलमध्ये न्यायचं असेल तर आधी सेव्ह करा आणि 'कोलन ई' लिहून, पुढे नाव देऊन, ती फाइल त्याच विममध्ये उघडा. दोन टर्मिनलमध्ये दोन विम उघडे ठेवलेत तर एकातलं 'वाय' एरवी दुसऱ्यातल्या 'पी'ला मिळत नाही.