पहिली साउंड चिप कोणती घ्यावी?
आर्डुइनो उनोला (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) पहिलीच साउंड चिप जोडणार असाल, तर वायएम२१४९एफ घ्या. तीन स्वर, नॉइज (खरखरीचा आवाज) आणि एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार) मिळतात. पायांची मांडणी एवाय-३-८९१० या जुन्या साउंड चिपसारखीच, फक्त २६ नंबरचा पाय मोकळा सोडा. तो ग्राउंड केला की क्लॉक (चिपला गती देणारा सिग्नल) निम्मा होतो आणि सगळं एक सप्तक खाली वाजतं. क्लॉकसाठी वेगळा क्रिस्टल नको: कोडमध्ये उनोचा टायमर १ सीटीसी मोडवर (ठरलेल्या आकड्याला पोहोचला की पुन्हा शून्यापासून मोजणारा) आणि तो आकडा, म्हणजे ओसीआर१ए = ३ ठेवलं की पिन ९ वर २ मेगाहर्ट्झ मिळतात. खर्ज ३० हर्ट्झपर्यंत उतरतो.

एसएन७६४८९एन १६ पायांची, सुटसुटीत. पण ४ मेगाहर्ट्झवर १२२ हर्ट्झच्या खाली जात नाही, म्हणजे बेस विसरा. तिच्या डेटाशीटमध्ये (चिपचं माहितीपत्रक) डी० हा सर्वांत मोठा बिट आहे, एरवी तो सर्वांत लहान असतो. इथेच बहुतेकांच्या तारा उलट्या लागतात. चालू होताच ती किंचाळते, म्हणून कोडच्या सेटअपमध्येच ०एक्स९एफ, बीएफ, डीएफ, एफएफ हे हेक्स बाइट पाठवून गप्प करा.

वाद्यांसारखा आवाज हवा असेल तर वायएम२४१३: डॅक (आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा भाग) आतच असतो. मात्र ३.५८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर प्रत्येक डेटा बाइटनंतर २४ मायक्रोसेकंद थांबा, नाहीतर सूर गळतात. एसआयडी (कमोडोर ६४ संगणकातली साउंड चिप) सुरुवातीला नकोच. महाग, आणि बाजारात नकली फार.