६० स्पेक्ट्रा की २० नमुने?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी हळदीत स्टार्च मिसळून एफटीआयआर स्पेक्ट्रा (कोणत्या लहरीचा इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला गेला त्याचे आलेख) काढले होते. भेसळ ० ते २० टक्के, नमुने २०, प्रत्येकाचे तीन स्कॅन. पीएलएस मॉडेल (स्पेक्ट्रमवरून भेसळीच्या टक्क्यांचा अंदाज बांधणारं गणित) लावलं, टेस्ट सेटवर, म्हणजे तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या डेटावर, आर-स्क्वेअर ०.९७ (१ म्हणजे अंदाज अचूक)! तो आकडा ठळक करून पीएचडीसाठी एका विद्यापीठातल्या केमोमेट्रिक्स (रासायनिक डेटाचं संख्याशास्त्र) ग्रुपला मेल टाकला. मुलाखतीचं बोलावणं आलं. मी हवेत.

सरांचा पहिलाच प्रश्न : "तुमच्याकडे नमुने ६० आहेत की २०?"

मी म्हटलं, ६०. मुलाखत तिथेच संपली, पुढची वीस मिनिटं नुसता चहा.

हे नीट समजून घ्या, बाकीचं विसरलात तरी चालेल. मी ६० स्पेक्ट्रा पत्त्यांसारखे पिसून ४८ ट्रेनिंगला आणि १२ टेस्टला दिले होते. त्यामुळे ७ नंबरच्या नमुन्याचे दोन स्कॅन ट्रेनिंगमध्ये गेले, तिसरा टेस्टमध्ये. तिन्ही एकाच पेलेटचे (केबीआर, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये नमुना मिसळून दाबलेली चकती), म्हणजे जवळपास जुळी भावंडं. मॉडेलला स्टार्च ओळखायची गरजच उरली नाही. चेहरा ओळखीचा दिसला की उत्तर तयार. फुटलेल्या पेपरात ९७ मार्क पडले, इतकंच.

घरी येऊन एका नमुन्याचे तिन्ही स्कॅन एकाच बाजूला राहतील असं विभाजन केलं (सायकिट-लर्नमध्ये ग्रुप-के-फोल्ड आहे). आकडा आला ०.५८. मॉडेलचे कोएफिशियंट्स (स्पेक्ट्रमच्या कुठल्या भागाला किती वजन दिलं ते) काढून पाहिले, तर सगळ्यात मोठे ३४०० सेमी⁻¹च्या आसपास. पाण्याचा रुंद पट्टा! स्टार्चचा ओ-एचही तिथेच येतो, म्हणून मला कधी शंका आली नाही. केबीआर ओलावा धरतं हे बीएस्सीच्या पोरालाही ठाऊक असतं. मी कमी टक्क्यांचे पेलेट एका कोरड्या दिवशी दाबले होते आणि जास्तीचे चार दिवसांनी, जुलैच्या धो-धो पावसात. माझ्या मॉडेलने भेसळ किती ओळखली आणि पाऊस किती, देव जाणे.

याच जातीची, म्हणजे टेस्टची माहिती ट्रेनिंगमध्ये झिरपण्याची, दुसरी चूक विभाजनाआधी होते. एसएनव्ही (प्रत्येक स्पेक्ट्रम त्याच्याच सरासरीने आणि पसाऱ्याने एका मापात आणणं) आधी केलं तर चालतं, ते एकेका स्पेक्ट्रमपुरतं असतं. मीन-सेंटरिंग (सगळ्या स्पेक्ट्राची सरासरी वजा करणं), तरंगलांबी निवडणं, मॉडेलमधल्या कंपोनंट्सची संख्या ठरवणं हे सगळं फक्त ट्रेनिंगवर. टेस्टकडे डोळा वर करून बघायचं नाही.

घाबरू नका, कोडिंग कच्चं असलं तरी घेतात. माझं पायथन आजही गूगलवर चालतं. पण दहा ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं जोडू नका, ती कुणी उघडत नाही. त्यापेक्षा मक्याचा एनआयआर (निअर-इन्फ्रारेड) डेटा घ्या : ८० नमुने, तीन उपकरणं, ११०० ते २४९८ नॅनोमीटर, दर २ नॅनोमीटरला एक, असे ७०० बिंदू. एका उपकरणावर बांधलेलं मॉडेल दुसऱ्यावर चालवा. ते आपटेल. का आपटलं यावर दोन पानं लिहा आणि तीच जोडा.

आणि सरांना मेल करण्याआधी त्यांच्याकडच्या चौथ्या वर्षाच्या पीएचडीवाल्याला कँटीनमध्ये गाठा. "ग्रुप कसा आहे?" विचारलंत तर "छान" हेच उत्तर मिळेल. मागचा विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडला ते विचारा. मोठ्या नावाचा गाइड वर्षातून दोनदा भेटणार असेल, तर मला नको. लहान ग्रुप बरा.

दुसऱ्या ठिकाणी मी ०.५८ हाच आकडा लिहिला, पावसासकट. मॅडमचं उत्तर तीन ओळींचं : "या. मूळ फाइल्स घेऊन या." मूळ फाइल्स कुठल्या? मी स्मूथिंग केलेल्याच ठेवल्या होत्या, बाकीच्या लॅबच्या कॉम्प्युटरबरोबर फॉरमॅट झालेल्या. तरी त्यांनी घेतलं. पहिले दोन महिने मी डेटाला हात लावला नाही, फक्त पेलेट दाबत होते. या वेळी मात्र वहीत रोजची आर्द्रता लिहून.