खासगी इक्विटी फंड उभा करताना

खासगी इक्विटी फंड म्हणजे गुंतवणूकदारांचे पैसे गोळा करून कंपन्यांत हिस्सा घेणारा फंड. आधी ट्रस्ट नोंदवा, मग भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीकडे दुसऱ्या श्रेणीच्या पर्यायी गुंतवणूक फंडासाठी (असे फंड याच श्रेणीत येतात) अर्ज करा. योजनेचं भांडवल किमान 20 कोटी, एका गुंतवणूकदाराचे सहसा किमान 1 कोटी. फंड चालवणाऱ्याने स्वतःचे, भांडवलाच्या 2.5 टक्के किंवा 5 कोटी, यांतली कमी रक्कम, शेवटपर्यंत आत ठेवावी लागते.

पण 20 कोटींवर घर चालत नाही. 2 टक्के व्यवस्थापन शुल्क धरलं तर वर्षाला 40 लाख. त्यातून पगार, ऑडिट, वकील, जागेचं भाडं निघत नाही. नवे लोक इथेच अडकतात, कारण नफ्यातला वाटा हाती यायला पाच-सात वर्षं जातात.

फंड ज्या कंपनीत पैसे घालतो तिच्याशी होणाऱ्या करारात, हिस्सा विकून बाहेर पडण्याची मुदत आणि ती चुकल्यास प्रवर्तकाने (कंपनी उभी करणाऱ्या मालकाने) काय करायचं, हे पैसे देण्याआधीच लिहून घ्या. नंतर प्रवर्तक सही करत नाही.