इंग्रजी 'पोर्ट'चं रशियन भाषांतर कसं करावं

समुद्री मजकुरात 'पोर्ट' दिसला की रशियनमधला 'पोर्त' लिहायला हात शिवशिवतो. तो आवरा. इंग्रजी 'पोर्ट' म्हणजे बंदर, जहाजाची डावी बाजू, जहाजाच्या अंगातलं भोक आणि वर एक गोड मद्यही.

१. शेजारचे शब्द आधी वाचा. माल, जकात, शहराचं नाव असं काही असेल तर ते बंदर. इथे 'पोर्त' चालतो. जहाजाच्या नोंदणीचं बंदर म्हणजे 'पोर्त प्रिपीस्की'. 'बंदरात' म्हणायचं तर 'फ पर्तू', शेवटचा 'ऊ' विसरू नका.

२. बाजू, वारा किंवा दिवा यांच्याबद्दल असेल तर 'ल्येवी बोर्त', म्हणजे डावी कड. नुसतं 'स्ल्येवा' (डावीकडे) लिहून भागत नाही. खलाशी मागे तोंड करून उभा राहिला की त्याची डावी बदलते, जहाजाची बदलत नाही. जुन्या मजकुरात याच अर्थाने 'लारबोर्ड' भेटेल. तो 'स्टारबोर्ड'सारखा (जहाजाची उजवी बाजू) ऐकू येतो, म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये त्याच्या जागी 'पोर्ट' आणला. रशियनमध्ये 'लारबोर्ड' आणि 'पोर्ट' दोन्हींना 'ल्येवी बोर्त'च.

३. भोक असेल तर कसलं ते पाहा. तोफेचं असेल तर 'पूशेच्नी पोर्त'. इथे तो फसवा शब्द चक्क बरोबर निघतो! केबिनची गोल खिडकी मात्र 'इल्युमिनातर'.

४. सुकाणूचा हुकूम असेल तर मजकुराचं साल तपासा. खरी गफलत इथेच होते. आज 'पोर्ट' ऐकलं की जहाज डावीकडे वळतं, रशियनमध्ये 'ल्येवा रुल्या'. पण ब्रिटिश जहाजांवर 1933 पूर्वी हुकूम सुकाणूच्या दांड्याला उद्देशून असे, आणि दांडा एकीकडे ढकलला की जहाज दुसरीकडे वळतं. 1912 मध्ये टायटॅनिकवर हुकूम सुटला तो 'स्टारबोर्ड'चा, आणि जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वळली डावीकडे. त्या काळचा 'पोर्ट' म्हणजे जहाज उजवीकडे. तिथे 'ल्येवा रुल्या' लिहिलंत तर तुमचं जहाज हिमनगाच्या भलत्याच बाजूला जाईल. माझं मत असं, की कथेत जहाज ज्या बाजूला वळलं तो हुकूम लिहावा आणि इतिहासाच्या पुस्तकात मूळ हुकूम ठेवून खाली टीप द्यावी.

५. उरलं मद्य, त्याला 'पर्तवेइन'. इंग्रज खलाशी 'लाल पोर्ट उरली आहे का?' अशा अर्थाचं वाक्य घोकतात, कारण इंग्रजीत 'उरलं' आणि 'डावं' यांना एकच शब्द आहे, आणि डाव्या बाजूचा दिवा लाल असतो. रशियनमध्ये ही कोटी उतरत नाही. ओढूनताणून बसवू नका. डावा दिवा लाल, एवढंच सरळ सांगा.