साठवायचा मटार मंडीतून परत आलेला नको

बटल्याचा, म्हणजे मटाराचा, तोडा जोरात आला की इंदूरच्या चोइथराम मंडीत आवक वाढते, भाव उतरतो, आणि मग न विकलेली गोणी घरी आणून डीप फ्रीझरमध्ये भरली जाते. कळकळीनं सांगते, असं करू नका. साठवायचा माल तोडतानाच वेगळा काढा.

रात्रभर बांधून ठेवलेल्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून पाहा. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी आत ऊब लागते. तोडलेली शेंग श्वास घेतच असते, त्यातून उष्णता निघते आणि दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होत जातो. गोडी गेली, दाणा पिठूळ झाला, तर फ्रीझर ती गोडी परत आणत नाही. म्हणून सकाळी लवकर तोडा, सावलीत पातळ पसरा, दुपारपर्यंत सोला. दाणा भरलेला पण कोवळा हवा.

कच्चे दाणे तसेच गोठवू नका. थंडीत दाण्यातल्या एन्झाइमचं (दाण्यात बदल घडवणाऱ्या प्रथिनांचं) काम मंदावतं, थांबत नाही. पुढे रंग उतरतो आणि वाळल्या गवतासारखा वास येऊ लागतो. ते थांबवायला अर्धा किलो दाण्यांना चार लीटर पाणी खळखळ उकळवा. दाणे जाळीत घालून सोडा, पुन्हा उकळी आल्यावर दीड मिनिट मोजा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. पूर्ण गार झाले की सुती फडक्यावर कोरडे करा. ओल राहिली तर पिशवीत ढेकूळ होतं.

सगळ्यात जास्त माल बिघडतो तो घाईनं फ्रीझर भरल्यामुळे. 300 लीटरच्या डीप फ्रीझरमध्ये एका दिवसात 10 ते 14 किलोच ताजे दाणे घाला. एकदम 40 किलो कोंबले तर ते सावकाश गोठतात, बर्फाचे खडे मोठे होतात, दाण्याच्या पेशी फाटतात आणि शिजवल्यावर दाणा लिबलिबीत लागतो. आधी ट्रेमध्ये एकेरी थर गोठवा, मग हवा काढून पिशव्या भरा, तारीख लिहा. तापमान उणे 18 अंश राहिलं तर 8 ते 12 महिने माल चांगला राहतो.

लाइट गेली तर झाकण उघडून बघत बसू नका. भरलेला फ्रीझर बंद असेल तर साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास.