पाऊण तास एकच ओळ गातात, ती ऐकायची कशी

मावसभावाचा गेल्या महिन्यात एका रात्री मेसेज आला. दादा, हिने ओढून मैफलीला नेलं, बाई पाऊण तास दोनच ओळी गात होत्या, शेजारचे काका मधेच मान झटकून 'क्या बात है' म्हणत होते, मी आपला गुपचूप क्रिकेटचा स्कोअर बघत बसलो, तर ते काका नक्की कशाला मान झटकत होते सांग.

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि याचं उत्तर कुणी नीट देत नाही. विचारलं की लोक एकतर 'ऐकत राहा, आपोआप कळेल' म्हणतात नाहीतर थाट, वादी, संवादी काढून बसतात, आणि दोन्हीने माणूस पळून जातो. मी स्वतः गात नाही, वाजवत नाही, पंधराएक वर्षं नुसता ऐकतोय, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या बाजूने सांगतो. त्या बाई गात होत्या तो ख्याल, म्हणजे मैफलीतलं शास्त्रीय गाणं, आणि तो ऐकायला राग ओळखता यायची गरज नाही. दोन घरं लक्षात ठेवायची, सुराचं घर म्हणजे सा आणि तालाचं घर म्हणजे सम, तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा. गाणारा त्या घरांतून निघून कुठे कुठे भटकतो आणि परत कसा येतो, एवढंच बघायचं. काका मान झटकत होते ते बाई घरी आल्या म्हणून.

आधी एक गैरसमज. आपल्या डोक्यात गाणं म्हणजे शब्द. सिनेमाचं गाणं, भावगीत, अभंग, सगळीकडे ओळ पुढे सरकते, गोष्ट पुढे सरकते. ख्यालाची बंदिश म्हणजे स्थायी नि अंतरा, मिळून चार-पाच ओळी, बहुतेक ब्रज भाषेत, विषय म्हणजे सासू, नणंद, पिया नाहीतर पाऊस. तिथे शब्द खुंटीसारखे असतात, त्यावर सूर टांगायचे. म्हणून 'पुढे काय झालं' याची वाट बघत बसलास तर कंटाळा येणारच. आणि संगीत म्हणजे अमुकच असं काही फिक्स नाहीये बरं का, तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, म्हणजे आताच्या दौलताबादला, यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात गाणं, वाजवणं आणि नाचणं या तिघांना मिळून संगीत म्हटलंय. आज आपण नाच त्यातून काढून टाकला आणि शब्द मात्र घट्ट धरून बसलो.

तर पहिलं काम तंबोरा, म्हणजेच तानपुरा. मोबाईलवर तानपुऱ्याचं कुठलंही फुकट अ‍ॅप घे, हेडफोन लाव, पाच मिनिटं नुसतं ऐक. चार तारा असतात, पहिली बहुतेक वेळा पंचमाला म्हणजे प-ला लावलेली, मधल्या दोन जोडीच्या म्हणजे सा, आणि शेवटची खर्ज म्हणजे खालचा सा. चारातल्या तीन तारा सा-च म्हणतात! यावरून समज त्या सा-ची किंमत. रागात पंचमच नसेल, जसा मालकंसात नसतो, तर पहिली तार मध्यमाला म्हणजे म-ला लावतात. तो जो झ्याँव झ्याँव असा गुंजणारा आवाज येतो ना, तो घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या, किंचित गोलसर माथ्यामुळे येतो, तार आणि घोडीच्या मधे सरकवलेल्या बारीक दोऱ्याने तो खुलवतात, त्याला जवारी म्हणतात. (मिरजेला पिढ्यानपिढ्या हे काम करणारी घरं आहेत, तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली जीआय टॅग मिळाला, कधी गेलास तर दुकानात जाऊन नुसता कान लावून ये.) आता त्या आवाजात आपला आवाज मिसळून 'आ' म्हण. अ‍ॅपमध्ये हार्मोनियमच्या पट्टीप्रमाणे सा निवडायचा, पुरुषाला साधारण काळी एक किंवा पांढरी दोन सोपी जाते, बायकांना काळी चार, काळी पाच. बेसूर निघालं तरी चालेल, दार लाव. आवाज तंबोऱ्यात विरघळला की छातीत कळतं. एक आठवडा रोज पाच मिनिटं एवढंच कर, दुसरं काही नको.

एवढ्यासाठी आठवडा कशाला असं वाटेल, तर आता खरी गंमत. कुणाकडे तरी धूळ खात पडलेली हार्मोनियम असते, ती आण, नसेल तर मोबाईलवर पियानोचं अ‍ॅप. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढऱ्यांना हातच लावायचा नाही. सप्तकात दोनचा एक गट आणि तीनचा एक गट, अशा पाच काळ्या, डावीकडून दोनच्या गटापासून एक ते पाच मोजायच्या. तानपुरा काळी तीनला लाव, तिला सा मान आणि त्याच पाच पट्ट्या वरखाली कर, भूप वाजायला लागेल. आता पट्ट्या त्याच ठेव, फक्त तानपुरा काळी एकला लाव आणि सा तिथे धर, दुर्गा झाला. काळी पाचला लाव, तर थेट मालकंस, तो गंभीर मध्यरात्रीचा. काळी दोनला धानी, काळी चारला मधमाद सारंगाचे सूर. पट्ट्या त्याच, बोटं तीच, बदललं फक्त घर, आणि मूड इकडचा तिकडे! मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा रात्री दीड वाजेपर्यंत वाजवत बसलो होतो, खालच्या मजल्यावरून फोन आला तेव्हा थांबलो. याला शास्त्रात मूर्च्छना म्हणतात, पण शब्द विसरलास तरी चालेल. मुद्दा हा की सुराला स्वतःचा असा काही अर्थ नसतो, तो सा-पासून किती लांब उभा आहे त्यावरून येतो. म्हणून मैफलीत तंबोरा कानातून सुटला की मागे उरतो तो नुसता आऽऽ.

लगेच 'म्हणजे राग म्हणजे पाच-सात सुरांचा सेट' असं समजू नकोस. भूप आणि देसकार दोघांत सारखेच सूर, सा रे ग प ध. पण भूप संध्याकाळ उतरल्यावरचा, त्याचा जीव गंधारावर म्हणजे ग-वर. देसकार सकाळचा, तो वर धैवतापाशी म्हणजे ध-पाशी रेंगाळतो. एकाच चाळीतली दोन बिऱ्हाडं, खोल्या सारख्या, पण एकाकडे सगळे ओट्यापाशी जमतात आणि दुसऱ्याकडे गॅलरीत. तेव्हा गाणं ऐकताना एवढंच बघ की गाणारा कुठल्या सुरावर जास्त वेळ थांबतोय, कुठून नुसता घासून जातोय. नाव नंतर कुणालाही विचारता येतं. आणि मराठी माणसाच्या कानात हे सूर आधीच पडलेले असतात, 'घनश्याम सुंदरा' गुणगुणलंस की भूप, 'मन तडपत हरि दर्शन को आज' म्हटलंस की मालकंस, शून्यापासून सुरुवात कुणाचीच नसते.

आता दुसरं घर, सम. इथे बहुतेक लोक बोटं मोजायला लागतात आणि बोटं मोजण्यात गाणं निसटतं. आधी तीनताल घे, १६ मात्रा म्हणजे ठोके, मध्य लयीतलं काहीही लाव. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली म्हणजे हात नुसता उलटा करायचा. पण मोजू नकोस, डग्गा ऐक. डग्गा म्हणजे डाव्या हाताचा तो घुमणारा. नवव्या मात्रेनंतर तो मधेच गप्प होतो, तबला कोरडा कोरडा वाजतो, ती जागा पकड. मग शेवटच्या चार मात्रांत घुमारा परत आला की चाहूल लागते, आणि पुढचा धा पडतो ती सम. दोन दिवस जेवताना मांडीवर हात आपटत बसलास की जमतं, घरचे वैतागतात तो भाग वेगळा.

विलंबित म्हणजे संथ एकताल जरा अवघड, आणि मोठा ख्याल बरेचदा त्यातच असतो. मात्रा १२, पण इतक्या संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, कधी कधी पाऊण मिनिटभर चालतं. इथे मोजायला गेलास तर झोप लागेल. ठेका असा, धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना. 'तिरकिट' कान टवकारून ऐक, कारण एवढ्या संथ चालीत तो एकच घाईघाईचा बोल असतो आणि आवर्तनात दोनदा येतो. पहिल्या तिरकिटनंतर 'तू ना' येतं, नुसत्या तबल्यावर, डग्गा नाही, म्हणजे अजून अर्धा रस्ता बाकी. दुसऱ्यानंतर 'धी ना' येतं, डग्ग्यासकट, आणि लगेच सम. तेवढ्यातच गाणारा सगळी भटकंती आवरून बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा उचलतो, त्याला मुखडा म्हणतात, आणि बरोब्बर समेवर आणून टाकतो. तुझ्या त्या बाई ज्या दोन ओळी 'परत परत' गात होत्या ना, त्यातला निम्मा वेळ हा मुखडा होता. दर वेळी येण्याचा रस्ता वेगळा, कधी आरामात चालत, कधी शेवटच्या क्षणी धावत लोकल पकडल्यासारख्या. हे एकदा कानाला लागलं की तुझीही मान आपोआप झटकेल, काका आपोआप व्हायला होतं.

ऐकायला काय घ्यायचं? लोक एकदम तासाभराचं रेकॉर्डिंग पाठवतात, तसं करू नकोस. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या यूट्यूबवर आहेत, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, तेवढ्यात अख्खा राग मांडून मोकळे व्हायचे. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, खरखर फार आहे पण पसारा नाही. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, त्यांची भैरवी 'जात कहाँ हो' १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, आणि त्यातलं दुसरं यान निघालं त्याच सप्टेंबरमध्ये बाई गेल्या. तीच तबकडी दहा वेळा ऐक. पहिल्यांदा फक्त सा शोध, मग फक्त तबला, मग आवाज. हे कंटाळवाणं वाटेल, पण गुलाम अली का मेहदी हसन आवडला की आपण एकच गझल शंभर वेळा ऐकतोच की. त्यानंतर किशोरीताई आमोणकरांचा भूप, 'सहेला रे', इथे वेळ काढून, दिवे कमी करून. घराण्यांच्या भानगडीत आत्ताच पडू नकोस, ढोबळमानाने किराणावाले एकेका सुराला कुरवाळत बसतात आणि जयपूरवाले लयीच्या अंगाने पेच टाकत जातात, बाकी भांडणं ज्यांची त्यांना लखलाभ.

मैफलीला जाशील तेव्हा वेळेवर पोच, उलट लवकरच. तंबोरे जुळवणं सुरू असतं ती वेळ चहाची नाही, तेव्हाच सा फुकट कानात भरून घेता येतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जुळवणी संपल्यावर जोरात टाळ्या वाजवल्या होत्या, अख्खी रांग वळून बघायला लागली. नंतर कळलं की आपण एकटे नाही, १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी मोठा कार्यक्रम झाला, तिथेही रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावून थांबले तर पब्लिकने टाळ्या वाजवल्या, आणि रविशंकर म्हणाले की जुळवणंच एवढं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. दाद द्यायची ती आतून येईल तेव्हाच, शेजारच्याचं बघून नको. समेच्या आधीच 'वाह' निघाली तर गाणाऱ्याचाही रसभंग होतो. मोबाईलवर शूटिंग तर अजिबात नको, त्या स्क्रीनच्या उजेडाने मागच्या चार जणांचा मालकंस जातो.

डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव असतो, भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ ला सुरू केलेला. नवख्याला मी सवाईचं पूर्ण तिकीट काढायला सांगत नाही, दिवसभर एकामागून एक गाणी ऐकून कान बधिर होतात आणि शेवटी वडापावच्या स्टॉलवर जास्त वेळ जातो. एक दिवस, दोन कलाकार, बास. आणि एक, रात्रीच्या लाऊडस्पीकरला मर्यादा आल्यापासून मैफली बहुतेक संध्याकाळी सुरू होऊन दहाला संपतात, त्यामुळे सकाळचे राग समोर बसून ऐकायला मिळणं कमी झालंय. दिवाळी पहाटच्या कार्यक्रमात निदान अर्धा तास कुणी ललत किंवा तोडी गाणार असेल तर अंघोळ उरकून जा, बाकीचं रांगोळी-फराळाचं निवेदन सहन कर.

हे सगळं मी त्याला व्हॉइस नोटवर सांगितलं, अकरा मिनिटांची झाली. तो गेले तीन आठवडे ट्रेनमध्ये डग्गा ऐकत जातोय. काल त्याचा मेसेज आला, दादा, आज तबलजी चुकला, समेवर डग्गाच वाजवला नाही, तरी सगळे वाह वाह करत होते. मी विचारलं मात्रा किती आल्या, म्हणाला सात. म्हटलं अरे बाबा, तो रूपक, तिं तिं ना, धी ना, धी ना, त्यात समेलाच 'खाली' असते, तिथे माझी डग्ग्याची युक्ती चालत नाही, आता 'तिं तिं' धर.